टेम्पोरल लोब अपस्मार आणि रेस्टिंग एफएमआरआय : कनेक्टिव्हिटीतला फरक मेंदूतला की स्कॅनमधला?

वेताळटेकडी (धागाकर्ता)

डाव्या मेसियल टेम्पोरल लोब अपस्माराचे (कानाजवळच्या टेम्पोरल लोबच्या आतल्या भागातून सुरू होणाऱ्या झटक्यांचे) २६ रुग्ण आणि वय-लिंग जुळवलेले २८ निरोगी लोक यांचा रेस्टिंग-स्टेट एफएमआरआय (काहीही काम न करता पडून असताना मेंदूतल्या रक्तप्रवाहाच्या बदलांचा स्कॅन) डेटा हाताशी आहे. कनेक्टिव्हिटी किंवा जोडणी म्हणजे दोन भागांचे सिग्नल किती एकत्र चढतात-उतरतात ते माप. सगळ्या रुग्णांना एमआरआयवर डावा हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिस (स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस आकसून कडक होणं) आहे. स्कॅनर ३ टेस्ला, टीआर (दोन चित्रांमधला वेळ) २ सेकंद, टीई (सिग्नल मोजण्याआधीचा विलंब) ३० मिलिसेकंद, व्हॉक्सेल (चित्राचा घन ठिपका) ३.५ मि.मी., २४० व्हॉल्यूम (पूर्ण मेंदूची चित्रं, ८ मिनिटं), डोळे मिटून. सोबत टी१ (रचनेचं एमआरआय चित्र) आहे, फील्ड मॅप (चुंबकीय क्षेत्राचा नकाशा) आहे. स्कॅनमध्ये ईईजी नाही, पण बहुतेक रुग्णांचा १९ चॅनेलचा नेहमीचा ईईजी उपलब्ध आहे.

आतापर्यंत केलेलं काम असं: एफएमआरआयप्रेप (प्राथमिक प्रक्रियेचं सॉफ्टवेअर) चालवलं, शेफरचा १०० भागांचा नकाशा घेतला, ६ मि.मी. स्मूदिंग, प्रत्येक भागाची सरासरी मालिका, ०.०१ ते ०.१ हर्ट्झ बँडपास (एवढ्याच फ्रिक्वेन्सी ठेवणं), त्यानंतर हालचालीचे ६ पॅरामीटर, पांढरं द्रव्य आणि सीएसएफ (मेंदूभोवतीचं आणि आतल्या पोकळ्यांतलं पाणी) यांचं रिग्रेशन (त्यांचा वाटा वजा करणं), पिअरसन सहसंबंध, फिशर झेड (सहसंबंधाचं तुलनायोग्य रूपांतर). प्रत्येक जोडीवर टी-टेस्ट. शिवाय १० टक्के घनता ठेवून (सर्वांत जोरकस १० टक्के जोड्याच धरून) क्लस्टरिंग कोइफिशंट (शेजारी भाग आपसांत किती जोडलेले) आणि पाथ लेन्थ (दोन भागांमधली सरासरी वाट) ही ग्राफ मेट्रिक्स.

रुग्णांमध्ये डावा टेम्पोरल पोल (टेम्पोरल लोबचं पुढचं टोक) आणि डिफॉल्ट मोड नेटवर्क (विश्रांतीत सक्रिय असणारं जाळं) यांच्यातली जोडणी कमी दिसते. थॅलॅमसचं काय ते अजून पाहिलेलं नाही. क्लस्टरिंगही कमी आहे. प्रकाशित निष्कर्षांशी हे बरंचसं जुळतं, आणि नेमकी त्याचीच धास्ती वाटते, कारण जुळलं म्हणून ते बरोबर आहे असं होत नाही.

विचारायचं असं: हा फरक रोगाचा आहे असं म्हणण्याआधी कोणत्या तपासण्या कराव्यात आणि कोणत्या क्रमाने? ग्लोबल सिग्नल रिग्रेशन (संपूर्ण मेंदूचा सरासरी सिग्नल वजा करणं) करावं की नाही? आणि ज्या रुग्णाला शस्त्रक्रियेचा सल्ला दिला आहे त्याच्यासाठी यातून काही सांगता येतं का?

---

स्पिनएको

आधी नकाशा. शेफरचा नकाशा फक्त कॉर्टेक्सचा आहे. त्यात हिप्पोकॅम्पस नाही, अ‍ॅमिग्डाला नाही, थॅलॅमस नाही. म्हणजे ज्या अवयवात आजार आहे तोच तुमच्या मॅट्रिक्समध्ये नाही! दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस, अ‍ॅमिग्डाला, थॅलॅमस, कॉडेट, पुटामेन, पॅलिडम आणि अ‍ॅक्युम्बन्स असे १४ भाग जोडा. एकूण ११४ नोड (जाळ्यातले भाग) होतील.

हिप्पोकॅम्पस जोडताना प्रमाणित नकाशातला आकार जसाच्या तसा ठेवू नका. स्क्लेरोसिसमध्ये हिप्पोकॅम्पस आकसलेला असतो, त्यामुळे सरासरी आकाराचा साचा ठेवला की त्यात शेजारच्या टेम्पोरल हॉर्नमधला सीएसएफ येतो. मग जोडणी कमी दिसते ती न्यूरॉनमुळे नव्हे, पाण्यामुळे. हिशेब करून पाहा: ३.५ मि.मी.चा एक व्हॉक्सेल सुमारे ४३ घन मि.मी. ३ मि.लि.च्या हिप्पोकॅम्पसमध्ये ७०च्या आसपास व्हॉक्सेल बसतात, आकसून २ मि.लि. झालेल्यात ४६-४७, आणि त्यातलेही कडेचे बरेचसे मिश्र. प्रत्येकाच्या टी१वरून फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरने काढलेला हिप्पोकॅम्पस वापरा, कडेचे व्हॉक्सेल गाळा, आणि भागांची सरासरी काढण्याआधी स्मूदिंग करू नका. ६ मि.मी. स्मूदिंगने सीएसएफ परत आत शिरतो. भागाची सरासरी हेच पुरेसं स्मूदिंग आहे.

दुसरा मुद्दा टेम्पोरल पोलचा. तुमचा मुख्य निष्कर्षच तिथे आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. ३ टेस्लावर टीई ३० मिलिसेकंद ठेवला की टेम्पोरल पोल, टेम्पोरल लोबचा खालचा पृष्ठभाग आणि ऑर्बिटोफ्रंटल भाग इथला सिग्नल गळतो. हवेने भरलेली सायनस आणि कानाजवळचं पेट्रस हाड यांच्या सीमेवर चुंबकीय क्षेत्र एकसारखं राहत नाही आणि ३.५ मि.मी.च्या जाड व्हॉक्सेलमध्ये स्पिनचे फेज एकमेकांना खोडून टाकतात. फील्ड मॅप फक्त ताणलेला-दबलेला आकार जागेवर आणतो. गेलेला सिग्नल परत आणत नाही. हा घोटाळा फार पेपरांत दिसतो. ‘डिस्टॉर्शन करेक्शन केलं’ असं एक वाक्य लिहून पुढे जातात.

म्हणून प्रत्येक व्यक्तीचा टीएसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) नकाशा काढा: प्रत्येक व्हॉक्सेलच्या मालिकेची सरासरी भागिले तिचं प्रमाण विचलन, हालचाल दुरुस्त केल्यानंतर पण रिग्रेशनच्या आधी. मग प्रत्येक भागाचा सरासरी टीएसएनआर दोन्ही गटांत तुलना करा. टेम्पोरल पोलचा टीएसएनआर रुग्णांमध्येच कमी निघाला तर तो निष्कर्ष तिथेच थांबवा. दोन्ही गटांत सारखाच कमी असेल तरी तो भाग सगळ्यांमधून वगळा, कारण नुसत्या गोंगाटाचा सहसंबंध शून्याकडेच ओढला जातो. वगळायचा तर सगळ्यांमधून. एकाचे ११४ नोड आणि दुसऱ्याचे ११० अशी ग्राफची तुलना करता येत नाही.

पुढे नवीन स्कॅन घेणार असाल तर व्हॉक्सेल २.५ मि.मी.च्या आत ठेवा, स्लाइस तिरकी लावून पाहा, किंवा स्कॅनरवर मल्टी-एको क्रम मिळत असेल तर तोच घ्या. त्यात छोट्या टीईचा एक एको असल्यामुळे टेम्पोरल पोल बराच वाचतो.

आता हालचाल. ६ पॅरामीटर अगदीच अपुरे. २०१२मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिलं की मि.मी.च्या अंशाएवढ्या हालचालीनेही जवळच्या भागांमधला सहसंबंध वाढतो आणि लांबच्या भागांमधला घटतो. टेम्पोरल पोल ते पोस्टिरियर सिंग्युलेट (डिफॉल्ट मोड नेटवर्कचा मागचा भाग) ही लांबचीच जोडी आहे, हे लक्षात घ्या. फ्रेमवाइज डिस्प्लेसमेंट काढा: लागोपाठच्या दोन व्हॉल्यूममधल्या सहाही पॅरामीटरच्या फरकांची, चिन्ह न धरता केलेली बेरीज, फिरण्याचे कोन ५० मि.मी. त्रिज्येच्या गोलावर मि.मी.मध्ये बदलून. कडक मर्यादा ०.२ मि.मी., सैल ०.५ मि.मी. मर्यादा ओलांडणारे व्हॉल्यूम गाळल्यावर किमान ५ मिनिटं, म्हणजे तुमच्या टीआरला १५० व्हॉल्यूम, उरत नसतील तर ती व्यक्ती वगळा.

गाळून झाल्यावरही एक परीक्षा उरतेच. प्रत्येक जोडीसाठी, सगळ्या व्यक्ती धरून, सरासरी डिस्प्लेसमेंट आणि त्या जोडीची जोडणी यांचा सहसंबंध काढा आणि तो दोन भागांमधल्या अंतरासमोर मांडा. ठिपक्यांचा ढग आडवा आणि शून्याभोवती हवा. उतरता असेल तर हालचाल अजून डेटात आहे.

तुमच्या क्रमात एक सरळ चूक आहे: बँडपास आधी आणि रिग्रेशन नंतर. फिल्टर झालेल्या डेटामधून फिल्टर न झालेले कन्फाउंड (हालचालीसारखे गोंगाटाचे स्रोत) वजा केले की गाळलेल्या फ्रिक्वेन्सी मागच्या दाराने परत येतात. दोन्ही एकाच मॉडेलमध्ये करा, नाहीतर कन्फाउंडनाही तोच फिल्टर लावा. आणि एफएमआरआयप्रेप स्वतः डीनॉइझिंग करत नाही. ते फक्त कन्फाउंडची टीएसव्ही फाइल देतं, त्यातले कोणते स्तंभ घ्यायचे ते आपण ठरवायचं. ए-कॉम्पकॉरचे (पांढरं द्रव्य आणि सीएसएफमधून काढलेल्या गोंगाटाचे) स्तंभ घेतले तर त्याच फाइलमधले कोसाइनचे (संथ चढ-उतारांचे) स्तंभही घ्यावेच लागतात, कारण ते घटक हाय-पास केलेल्या डेटावरून काढलेले असतात.

डिग्री ऑफ फ्रीडमचा (स्वतंत्र माहितीच्या अंशांचा) हिशेबही मांडून ठेवा. टीआर २ सेकंद म्हणजे वरची सीमा ०.२५ हर्ट्झ, ०.०१ ते ०.१ ठेवलं की २४०पैकी साधारण ८६ अंश उरतात. त्यात ३६ कन्फाउंडचं मॉडेल लावलं की ५० राहतात. गाळलेले व्हॉल्यूम त्यातूनही जातात. मोफत काहीच मिळत नाही.

---

निशिगंध

वरचं सगळं मान्य. मी रुग्णाच्या बाजूने लिहिते, कारण डीनॉइझिंग कितीही चांगलं केलं तरी हे मुद्दे त्याने सुटत नाहीत.

झोप. डोळे मिटून ८ मिनिटं अंधाऱ्या, एकसुरी आवाजाच्या नळीत पडलं की माणूस झोपतो. रेस्टिंग एफएमआरआयच्या मोठ्या संचात २०१४मध्ये दिसलं की सुमारे एक तृतीयांश लोकांची जाग स्कॅन सुरू झाल्यापासून तीन मिनिटांत सुटते. तुमच्या रुग्णांपैकी अनेक जण क्लोबाझाम किंवा इतर गुंगी आणणारी औषधं घेत असतील, काहींना रात्रीचे झटके येत असतील, काही जण पहाटेच्या गाडीने गावाहून आलेले असतील. त्यांची झोपण्याची शक्यता निरोगी गटापेक्षा जास्तच. झोपेत थॅलॅमस आणि कॉर्टेक्स यांची जोडणी घटते, डिफॉल्ट मोड नेटवर्कचे पुढचे-मागचे भाग सुटे होतात. थॅलॅमस पाहायचा राहिलाय म्हणता. तो पाहाल तेव्हा हे पुन्हा वाचा. ईईजी नसेल तर निदान पहिली ४ मिनिटं आणि नंतरची ४ मिनिटं वेगळी काढून गटांमधला फरक दोन्हीकडे सारखा आहे का ते तपासा. फरक दुसऱ्या अर्ध्यातच असेल तर झोपेचा संशय धरा. पुढच्या वेळी डोळे उघडे, समोर अधिकचं चिन्ह, आणि आय-ट्रॅकर नसेल तर साधा कॅमेरा तरी लावा.

स्पाइक. झटके नसतानाही मेंदूत स्पाइक (विजेचे क्षणिक टोकदार उद्रेक) चालू असतात. टेम्पोरल लोबच्या स्पाइकबरोबर डिफॉल्ट मोड नेटवर्कच्या भागांमधला बोल्ड सिग्नल (एफएमआरआय मोजतो तो, रक्तातल्या ऑक्सिजनवर आधारलेला) खाली जातो, हे २००७पासून माहीत आहे. म्हणजे तुम्ही ज्याला ‘विश्रांतीतली जोडणी’ म्हणता ती स्पाइकच्या मधूनमधून होणाऱ्या धक्क्यांची बेरीज असू शकते. ती खोटी आहे असं नाही, पण कायमची तुटलेली तार आणि मधूनमधून पडणारा अडथळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्कॅनमध्ये ईईजी नसल्याने तुम्हाला हे वेगळं करता येणार नाही. पेपरमध्ये तसं स्पष्ट लिहा.

शेवटचा झटका कधी आला होता? फाइलमध्ये तास लिहिलेले नसतील तर नातेवाइकांच्या डायरीवरून भरून घ्या. २४ तासांच्या आत झटका येऊन गेलेले रुग्ण वेगळे ठेवून विश्लेषण परत करा. अशा वेळी डायरीतला ‘छोटा’ झटका सोडू नका. नुसतं पोटातून वर येणारं वाटणं, क्षणभर टक लावणं, ओठ चाळवणं हेही झटकेच आहेत आणि घरचे ते मोजत नाहीत.

औषधं: नाव, डोस, स्कॅनच्या दिवशी घेतलं की नाही. टोपिरामेट घेणाऱ्यांत भाषेचं काम करताना डिफॉल्ट मोड नेटवर्क व्हायला हवं तसं शांत होत नाही, हे एफएमआरआयमध्ये दाखवलं गेलंय. ‘औषधांची संख्या’ असा एकच कोव्हेरिएट (मॉडेलमध्ये वजा करायचा घटक) लावून हा प्रश्न मिटत नाही, कारण ज्याचा आजार जास्त त्यालाच जास्त औषधं. कोव्हेरिएट लावला की आजारही त्याच्याबरोबर वजा होतो. त्यापेक्षा टोपिरामेट किंवा बेन्झोडायझेपीन घेणारे बाजूला काढून उरलेल्यांत निष्कर्ष टिकतो का ते पाहा. आणि संशोधनासाठी म्हणून कुणाचंही औषध एक दिवसही थांबवायचं नाही. अचानक औषध तुटलं की स्टेटस एपिलेप्टिकसचा (न थांबणाऱ्या झटक्याचा) धोका असतो.

आता निदान. ‘एमआरआयवर डावा स्क्लेरोसिस’ आणि ‘डाव्या बाजूने झटके सुरू होतात’ ही दोन वेगळी विधानं आहेत. व्हिडिओ-ईईजीवर झटका उजवीकडून सुरू होणारे किंवा दोन्हीकडून होणारे रुग्ण गटात मिसळलेत का ते तपासा. आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास सापडते: न्यूरोसिस्टिसरकोसिसच्या (मेंदूतल्या फीतकृमीच्या संसर्गाच्या) बऱ्या झालेल्या, कॅल्सिफाय झालेल्या गाठी. टी१वर त्या निसटतात. सीटी किंवा एसडब्ल्यूआय (कॅल्शियम उठून दिसणारा एमआरआयचा प्रकार) पाहा. स्क्लेरोसिस आणि अशी गाठ एकाच रुग्णात असली की उगम कुठला हाच प्रश्न उघडा राहतो. निरोगी गटातही अशी एखादी गाठ कुणाच्या तरी मेंदूत चुपचाप बसलेली असू शकते.

शेवटी गटाबद्दल. निरोगी लोकांशी तुलना करून तुम्ही ‘अपस्मार असलेल्यांत फरक आहे’ एवढंच म्हणू शकता. ‘टेम्पोरल लोब अपस्मारात फरक आहे’ म्हणायचं तर दुसऱ्या जागच्या फोकल अपस्माराचे, तशीच औषधं घेणारे रुग्ण तुलनेला हवेत. असा गट १५ जणांचाही मिळाला तर तो आणखी २८ निरोगी लोकांपेक्षा मोलाचा.

---

आडवाउभा

११४ नोड म्हणजे ६४४१ जोड्या. ०.०५च्या मर्यादेवर काहीही फरक नसताना सुमारे ३२२ जोड्या ‘सिग्निफिकंट’ येतील. त्यातून टेम्पोरल लोबच्या वेचल्या की गोष्ट तयार. एक तर काहीही न पाहता आधी ठरवून ठेवलेल्या ८-१० जोड्या घ्या (डावा हिप्पोकॅम्पस ते पोस्टिरियर सिंग्युलेट, डावा हिप्पोकॅम्पस ते उजवा हिप्पोकॅम्पस, थॅलॅमस वगैरे), नाहीतर सगळ्या घेऊन एफडीआर (खोट्या निष्कर्षांचं प्रमाण आवरणारी दुरुस्ती) किंवा नेटवर्क-बेस्ड स्टॅटिस्टिक (एकमेकींना लागून असलेल्या जोड्यांच्या समूहाची कसोटी) वापरा. नेटवर्क-बेस्ड वापरलं तर ५००० परम्युटेशन (गटांची नावं उलटसुलट वाटून केलेल्या फेऱ्या), टीची मर्यादा २.५, ३ आणि ३.५ तिन्हीवर करून तिन्ही निकाल द्या, आणि मॉडेलमध्ये वय, लिंग, सरासरी डिस्प्लेसमेंट ठेवा. त्यात सिद्ध होतो तो जोड्यांचा एकसंध घटक. त्या घटकातली एखादी जोडी बोटाने दाखवून ‘ही जोडी कमी’ असं म्हणायची परवानगी ती पद्धत देत नाही. परीक्षक हे हल्ली लगेच पकडतात.

क्लस्टरिंगच्या निकालावर माझा विश्वास नाही, आणि कारण साधं आहे. सगळ्यांत १० टक्के घनता ठेवली की प्रत्येकाच्या ६४४१पैकी सर्वांत जोरकस ६४४ जोड्या घेतल्या जातात. ज्या गटात एकूण जोडणीच दुबळी आहे त्या गटात ६४४चा कोटा भरायला दुबळ्या, गोंगाटी जोड्याही आत येतात. दुबळ्या जोड्या रँडम जागी पडतात, रँडम ग्राफचं क्लस्टरिंग कमी असतं. झालं, तुमचा निकाल आला. म्हणून आधी प्रत्येक व्यक्तीची सगळ्या जोड्यांची सरासरी जोडणी काढा. गटांमध्ये तिच्यातच फरक असेल तर तोच मूळ निष्कर्ष आहे. ती कोव्हेरिएट म्हणून घातल्यावर क्लस्टरिंगचा फरक राहिला तर त्यावर बोला. आणि एकाच घनतेवर थांबू नका. १० ते ३० टक्के, १-१ टक्क्याच्या पायरीने, वक्राखालचं क्षेत्रफळ द्या.

स्मॉल-वर्ल्डसाठी (जाळ्यात दाट गट आणि छोट्या वाटा आहेत का ते पाहायला) नल मॉडेल (तुलनेसाठीचं काहीच खास नसलेलं जाळं) म्हणून जोड्यांची अदलाबदल करून रँडम ग्राफ बनवतात. सहसंबंधाच्या मॅट्रिक्सला ते नल पुरेसं नाही. अ आणि ब जोरात जोडलेले, ब आणि क जोरात जोडलेले, की अ आणि क आपोआप थोडेफार जोडलेले निघतात. हा सहसंबंधाचा अंगभूत गुण आहे, मेंदूचा नाही. कोव्हेरिअन्स मॅट्रिक्सलाच रँडम बनवणारं नल वापरा. अपस्मारातल्या स्मॉल-वर्ल्डवरचे निकाल एकमेकांच्या उलट येतात याचं एक मोठं कारण नोडची संख्या, घनता आणि नल या तिन्हींची निवड हेच आहे. माझं मत विचाराल तर २६ रुग्णांच्या पेपरमधून ग्राफ मेट्रिक्स सरळ काढून टाका.

ग्लोबल सिग्नल: दोन्ही प्रकारे करा आणि दोन्ही छापा. केलं की हालचालीचा आणि श्वासाचा बराच कचरा जातो, पण गणिताच्या नियमानेच काही जोड्या ऋण होतात. तेव्हा ‘रुग्णांमध्ये ऋण सहसंबंध वाढला’ असलं वाक्य ग्लोबल सिग्नल काढलेल्या डेटावरून लिहू नका. एकाच प्रकारात दिसणारा निष्कर्ष पुरवणीत टाका.

आणि राखाडी द्रव्याचं प्रमाण. एनिग्मा-एपिलेप्सी या आंतरराष्ट्रीय संशोधनगटाच्या २०१८च्या कामात २१४९ रुग्ण आणि १७२७ निरोगी लोक होते. अपस्माराचे सगळे प्रकार एकत्र धरले तरी थॅलॅमसचं आकारमान आणि प्रीसेंट्रल कॉर्टेक्सची जाडी कमी निघाली. म्हणजे हानी हिप्पोकॅम्पसपुरती नाही. प्रत्येक भागातलं राखाडी द्रव्य मॉडेलमध्ये घालून आणि न घालून, दोन्ही निकाल द्या.

---

वेताळटेकडी

मनापासून आभार. क्रम चुकला होता हे लक्षात आलं. आता नकाशात १४ भाग जोडतो, हिप्पोकॅम्पस फ्रीसर्फरचा घेतो, स्मूदिंग काढतो, कन्फाउंड आणि बँडपास एकाच मॉडेलमध्ये, मग टीएसएनआर, मग हालचाल-अंतराचा आलेख. ग्राफ मेट्रिक्स काढून टाकतो.

दोन गोष्टी राहिल्या. १९ चॅनेलच्या ईईजीवरून कनेक्टिव्हिटी काढून एफएमआरआयला आधार देता येईल का? आणि शस्त्रक्रियेचा प्रश्न. शिवाय उजव्या बाजूचे १८ रुग्णही आहेत. त्यांचे मेंदू आरशासारखे उलटवून एकच ४४ जणांचा गट करावा का?

---

सूक्ष्मतरंग

ईईजीने आधार मिळेल, पण हिप्पोकॅम्पसच्या जोडणीला नाही. डोक्यावरून स्पाइक दिसायला साधारण १० चौ. सें.मी. कॉर्टेक्स एकदम पेटावं लागतं. हिप्पोकॅम्पसपुरता मर्यादित स्पाइक वर पोचतच नाही. १९ चॅनेलवरून सोर्स काढून ‘हिप्पोकॅम्पस ते सिंग्युलेट’ असली जोडी दाखवू नका.

चॅनेल पातळीवर काम करायचं तर पहिली अडचण व्हॉल्यूम कंडक्शनची. एकच स्रोत शेजारच्या चार चॅनेलवर त्याच क्षणी उमटतो आणि साधा कोहेरन्स (दोन चॅनेलच्या लहरी किती जुळतात ते माप) त्याला जोडणी समजतो. शून्य विलंबाचा भाग टाकणारी मापं घ्या: इमॅजिनरी कोहेरन्स किंवा वेटेड फेज लॅग इंडेक्स. त्यात विलंबाशिवायची खरी जोडणीही जाते, पण ते नुकसान सोसण्यासारखं आहे.

रेफरन्स (ज्याच्या तुलनेत बाकीचे चॅनेल मोजतात तो) बघा, फार लोक इथे फसतात. जोडलेल्या कानांचा रेफरन्स टेम्पोरल लोब अपस्मारात वापरायचाच नाही. टेम्पोरल स्पाइक कानावरच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोचतो, आणि मग तो स्पाइक उलट्या चिन्हाने सगळ्या चॅनेलवर पसरतो. सरासरी रेफरन्स घ्या. १९ चॅनेलवर तोही आदर्श नाही, पण बरा.

एपॉक (ईईजीचे तुकडे) ४ ते ८ सेकंदांचे, प्रत्येक व्यक्तीचे संख्येने सारखे, कारण एपॉक कमी असले की फेज लॅगची मापं फुगतात. डोळे मिटलेले, जागे, मागचा अल्फा दिसतोय असेच एपॉक, गुंगीतले बाजूला. स्पाइक असलेले आणि नसलेले वेगळे करा, म्हणजे निशिगंध यांनी काढलेल्या मुद्द्याचं थोडंफार उत्तर तुम्हाला याच ईईजीतून मिळेल. २० हर्ट्झच्या वर टेम्पोरल चॅनेलवर चावण्याच्या स्नायूचा सिग्नल असतो आणि बेन्झोडायझेपीनने बीटा वाढतो, म्हणून थीटा आणि अल्फापुरतंच थांबा.

शस्त्रक्रियेआधी नेटवर्क खरंच मोजलं जातं ते आतल्या इलेक्ट्रोडने. स्टीरिओ-ईईजीची (मेंदूत खोल इलेक्ट्रोड टाकून ईईजी घेण्याची) पद्धत पॅरिसमध्ये तालेराक आणि बाँको यांनी उभी केली, आणि झटका हा एका बिंदूतून न उगवता भागांच्या साखळीत उभा राहतो हा विचार तिथूनच पक्का होत गेला. नेहमीच्या इलेक्ट्रोडवर २ मि.मी. लांबीचे संपर्क आणि मध्ये १.५ मि.मी. मोकळी जागा असते. विश्लेषण शेजारच्या दोन संपर्कांच्या फरकावर, म्हणजे बायपोलर करा. नाहीतर समान रेफरन्सच जोडणी म्हणून मिरवतो. २००८मध्ये मांडलेला एपिलेप्टोजेनिसिटी इंडेक्स एका भागात वेगवान लहरी किती वाढल्या आणि किती लवकर वाढल्या हे ० ते १ या मापात सांगतो, ०.३च्या वरचे भाग सहसा महत्त्वाचे धरतात.

दुसरी पद्धत उत्तेजनाची: एका संपर्काच्या जोडीला सेकंदाला एक, ०.३ मिलिसेकंदाचे पल्स, चिन्ह आलटून-पालटून, आणि इतर सगळीकडे प्रतिसादांची सरासरी. १० ते ५० मिलिसेकंदांत येणारं पहिलं टोक सरळ वाटेने आलेलं मानतात. यातून जोडणीची दिशा कळते. एफएमआरआयवर टीआर २ सेकंद आणि रक्तप्रवाहाचा प्रतिसाद जागोजागी वेगळा असल्याने ग्रेंजर पद्धतीने (एका मालिकेवरून दुसरीचं भाकीत करून) दिशा काढायला जाऊ नका, तीही आकसलेल्या हिप्पोकॅम्पसमधून तर नकोच.

मर्यादा एकच, पण मोठी: इलेक्ट्रोड जिथे नाही तिथलं काहीच कळत नाही. ज्या भागाकडे ‘सगळीकडून येणारी जोडणी’ दिसते तो भाग कधीकधी न टोचलेल्या खऱ्या उगमाचा शेजारी असतो.

---

निशिगंध

शस्त्रक्रियेबद्दल. डावा स्क्लेरोसिस, व्हिडिओ-ईईजी डावीकडेच, न्यूरोसायकॉलॉजी जुळणारी आणि दोन योग्य औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही झटके चालू, अशा रुग्णाला तुमच्या मॅट्रिक्सची गरज नाही. त्याला सर्जनची गरज आहे आणि उशीर होता कामा नये. कॅनडातल्या २००१च्या चाचणीत ८० रुग्ण होते; वर्षभराने भान हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त असलेले शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के, नुसत्या औषधांच्या गटात ८ टक्के. तुमच्या कामाचा उपयोग कुणाला होईल? उरलेल्या ज्यांचे झटके शस्त्रक्रियेनंतरही सुटत नाहीत त्यांना. त्यासाठी आत्ताच्या २६ जणांपैकी ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांचा किमान एक वर्षाचा एंगल वर्ग (शस्त्रक्रियेनंतर झटके किती उरले याची श्रेणी) मिळवा. पण २६ जणांवर भाकीत करणारं मॉडेल बसवू नका, तो डेटा पुढच्या मोठ्या संचासाठी नीट जपून ठेवा.

थॅलॅमस मात्र दुर्लक्षू नका. अँटिरियर न्यूक्लियसला उत्तेजन देणाऱ्या २०१०च्या चाचणीत ११० जणांमध्ये इलेक्ट्रोड बसवले होते. तीन महिन्यांच्या तुलनेच्या टप्प्याच्या शेवटी उत्तेजन चालू असलेल्या गटात झटके मध्यकाने ४०.४ टक्के घटले, उत्तेजन बंद ठेवलेल्या गटात १४.५ टक्के. अमेरिकेत २०१८मध्ये त्याला मान्यता मिळाली. तिथे उगमाला हात न लावता नेटवर्कच्या एका गाठीला हात घातला आहे, म्हणून त्या जोड्या तुमच्या आधी ठरवलेल्या यादीत असाव्यात.

---

आडवाउभा

मेंदू उलटवण्याबद्दल: सरळ उलटवू नका. निरोगी मेंदूही डावा-उजवा सारखा नसतो, भाषेचं जाळं तर नाहीच. नुसते रुग्ण उलटवले आणि निरोगी गट तसाच ठेवला तर डाव्या-उजव्यातला निसर्गतः असलेला फरक रोग म्हणून छापला जाईल. आधी प्रत्येक रुग्णाची प्रत्येक जोडी २८ निरोगी लोकांच्या त्याच बाजूच्या त्याच जोडीवर झेड-स्कोअर (सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर ते माप) करा, तेही हालचाल आणि वय वजा करून. त्यानंतर झेड-स्कोअरचं मॅट्रिक्स उलटवा, म्हणजे ‘डावा-उजवा’ ऐवजी ‘आजाराची बाजू-दुसरी बाजू’ होईल. शेफरच्या नकाशातले डावे-उजवे भाग एकास एक जोडीचे नाहीत, त्यामुळे उलटवायचं असेल तर सममित नकाशा घ्या किंवा हे काम त्या १४ भागांपुरतंच ठेवा. आणि एकत्र करण्याआधी डावे २६ आणि उजवे १८ वेगवेगळे दाखवा. दोन्हीकडे निष्कर्ष उलट दिशेचे असतील तर ४४चा आकडा काही कामाचा नाही.